पाच प्रकरणांचे पूर्वज

एम.कॉम. किंवा एमबीएच्या शेवटच्या सत्रातला कोणताही प्रकल्प अहवाल उघडा, आत पाच प्रकरणे सापडतात. पहिल्यात प्रस्तावना, दुसऱ्यात साहित्याचा आढावा, तिसऱ्यात संशोधन पद्धती, चौथ्यात तक्ते, पाचव्यात निष्कर्ष आणि सूचना. मागे परिशिष्टात प्रश्नावली. उमरखेडच्या झेरॉक्सच्या दुकानात स्पायरल होणारा अहवाल आणि मुंबईत काळ्या पुठ्ठ्यात बांधला जाणारा अहवाल यांत विषय सोडला तर फारसा फरक नसतो. बचत गट असोत, सोयाबीनची विक्री असो की बँकेच्या ग्राहकांचे समाधान. शंभर जणांकडून प्रश्नावली भरून घ्यायची, टक्केवारी काढायची, काय-वर्ग चाचणी लावायची आणि शून्य गृहीतक नाकारून मोकळे व्हायचे.

हे काम आता टाळताही येत नाही. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाला धरून महाराष्ट्राने २०२३ मध्ये पदव्युत्तर अभ्यासक्रमांचा जो आराखडा ठरवला, त्यात पहिल्याच सत्रात संशोधन पद्धतीचा चार क्रेडिटचा पेपर आहे. तिसऱ्या सत्रात चार आणि चौथ्या सत्रात सहा क्रेडिटचा संशोधन प्रकल्प आहे. पैनगंगेच्या अलीकडे अमरावती विद्यापीठाच्या हद्दीत उमरखेडला शिकणारा आणि पलीकडे नांदेडच्या विद्यापीठाच्या हद्दीत हदगावला शिकणारा, दोघांचीही यातून सुटका नाही. जे सगळ्यांनाच करायचे आहे ते आले कुठून, याचा माग काढला तर एक गोष्ट ध्यानात येते. या पाच प्रकरणांतला प्रत्येक भाग कधी काळी कुणाच्या तरी खऱ्या अडचणीवरचा उपाय होता. अडचण मागे राहिली आणि उपायाचा नुसता साचा आपल्या हाती आला.

प्रश्नावलीचे मूळ राज्यकर्त्यांच्या गरजेत आहे. १८१८ साली पेशवाई बुडाली आणि नव्याने हाती आलेल्या मुलखातले गाव म्हणजे नेमके काय, हे कंपनी सरकारला समजून घ्यायचे होते. पुण्याजवळच्या लोणी गावाची माहिती थॉमस कोट्स या शल्यवैद्याने गोळा केली. माणसे किती, गुरे किती, जमीन कुणाकडे, कर्ज कुणावर, खाणेपिणे कसे, हे सगळे त्याने लिहून काढले. त्याचा वृत्तांत मुंबईच्या लिटररी सोसायटीच्या ग्रंथात १८२३ साली छापून आला. पुढे समाजशास्त्रज्ञ गो. स. घुर्ये यांनी त्याच लोणीकंदचा नव्याने अभ्यास केला आणि सव्वाशे वर्षांत गाव कसे बदलले हे सांगणारे पुस्तक १९६० साली प्रसिद्ध केले. इतक्या काळानंतरही पडताळता यावी अशी ती मूळची नोंद होती.

वऱ्हाडातही तेच झाले. १८५३ साली निजामाकडून वऱ्हाडचा कारभार इंग्रजांकडे गेला आणि १८७० साली आल्फ्रेड लायल यांनी संपादित केलेले वऱ्हाडचे गॅझेटियर निघाले. या नोंदी लिहिणारा साहेब आणि वाचणाराही साहेबच. शेतसाऱ्याच्या कामाचे जे असेल ते आधी मोजले जाई. त्याला ठोस उत्तर पुण्यातून आले. १८७० साली स्थापन झालेल्या सार्वजनिक सभेने एक उपसमिती नेमून लोकांच्या आर्थिक स्थितीची माहिती गोळा केली आणि लंडनच्या संसदीय समितीपुढे ठेवण्यासाठी १८७३ साली अहवाल छापला. सरकारी आकड्यांसमोर रयतेच्या बाजूचे आकडे उभे राहिले. आजच्या प्रश्नावलीच्या पहिल्या पानावर ‘ही माहिती केवळ शैक्षणिक कामासाठी वापरली जाईल’ असे छापलेले असते. सार्वजनिक सभेची माहिती तशी नव्हती. ती भांडायला गोळा केलेली होती.

पद्धतशीर पाहणीचा धागा यानंतर पुण्याच्या शेतकी महाविद्यालयात सापडतो. तिथले प्राचार्य हॅरल्ड मान यांनी इंग्लंडमध्ये असताना बेडफर्डशायरमधल्या रिजमाउंट या खेड्याची पाहणी केली होती. सीबोम राउंट्री यांनी यॉर्क शहरातल्या गरिबीचा घरोघर जाऊन केलेला अभ्यास त्यांच्या डोळ्यांपुढे होता. तीच रीत मान यांनी पुण्याजवळच्या पिंपळे सौदागरला आणली. सहस्रबुद्धे, कानिटकर, ताम्हाणे हे मराठी सहकारी बरोबर होते. १९१७ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासाने दाखवले की १७७१ साली त्या गावात सरासरी चाळीस एकरांची असलेली जमीनधारणा १९१५ पर्यंत सात एकरांवर आली होती. जुन्या दप्तरातल्या नोंदी आणि घरोघरची विचारपूस, दोन्ही जोडून काढलेला हा आकडा होता. आज पिंपळे सौदागरला उंच इमारती आहेत, पण जमिनीच्या तुकडीकरणावर लिहिणाऱ्याला अजून त्या गावावरूनच जावे लागते.

दुसऱ्या प्रकरणाचा, म्हणजे साहित्याच्या आढाव्याचा, सर्वांत चांगला मराठी पूर्वज लगेच पुढच्याच वर्षी भेटतो. १९१८ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी भारतातल्या लहान शेतधारणेवर एक निबंध लिहिला आणि तो इंडियन इकॉनॉमिक सोसायटीच्या नियतकालिकात छापून आला. त्याच सुमारास ते मुंबईच्या सिडनहॅम वाणिज्य महाविद्यालयात अर्थशास्त्राचे प्राध्यापक झाले. त्या निबंधात बडोदा सरकारची समिती, कीटिंग, जेव्हन्स आणि मान या अभ्यासकांची मते एकेक करून तपासली आहेत. किफायतशीर धारणा म्हणजे काय, याची व्याख्या ही मंडळी कुटुंबाच्या पोटापाण्यावरून करत होती. आंबेडकरांचे म्हणणे असे की शेत हा उत्पादनाचा व्यवसाय आहे. ते लहान की मोठे, हे जमिनीबरोबर भांडवल आणि श्रम यांचे प्रमाण कसे आहे यावरून ठरते. जमिनीवर माणसांचा भार जास्त आहे, तो उद्योगांनी हलका करा, हा त्यांचा निष्कर्ष. आधीच्या लेखकांची नावे आणि साले एकाखाली एक मांडली की आढावा झाला, असे मानणाऱ्या विद्यार्थ्याने हा निबंध एकदा वाचावा. यात आढावा आहे तो आधीच्यांशी वाद घालण्यासाठी, आणि त्या वादातूनच लेखकाचा स्वतःचा प्रश्न उभा राहतो.

विद्यार्थिदशेतले लेखन किती दूर जाऊ शकते, याचा दुसरा दाखला धनंजयराव गाडगीळ यांचा. नागपुरात शाळा शिकलेल्या गाडगीळांनी केंब्रिजमध्ये पदवीसाठी लिहिलेला प्रबंध १९२४ साली भारताच्या औद्योगिक उत्क्रांतीवरचे पुस्तक म्हणून निघाला आणि पुढे अनेक दशके तो पाठ्यपुस्तकासारखा वापरला गेला. १९३० साली पुण्यात गाडगीळांच्या नेतृत्वाखाली गोखले अर्थशास्त्र संस्था सुरू झाली. पुण्यातल्या फळबाजाराची पाहणी १९३३ साली, वाई तालुक्यातल्या शेतीव्यवसायाची पाहणी १९४० साली, असे तिचे अभ्यास निघू लागले. फळे कुठून येतात, मधे किती हात लागतात, ग्राहकाच्या रुपयातले उत्पादकाला किती मिळतात, हे त्या काळी अर्थशास्त्र होते. आज तोच विषय एमबीएच्या मार्केटिंगमध्ये मोडतो. हेच गाडगीळ पुढे विठ्ठलराव विखे पाटलांच्या प्रवरा सहकारी साखर कारखान्याचे पहिले अध्यक्ष झाले. ज्याने शेतकऱ्याचा हिशेब कागदावर मांडला त्याच्याच हाती कारखान्याचा हिशेब आला. उमरखेड तालुक्यातल्या पोफाळीचा वसंत सहकारी साखर कारखाना याच सहकाराच्या वाटेवरचा. तो का चालला आणि का अडला, हा प्रश्न व्यवस्थापनाच्या विद्यार्थ्याच्या दारातच उभा आहे.

तिसऱ्या प्रकरणातल्या ‘नमुना निवडी’चा उगम शोधताना मात्र पुण्यामुंबईकडे पाहायची गरज नाही. तो वऱ्हाडच्या कपाशीत सापडतो. पूर्वी पिकाचा अंदाज आणेवारीने व्हायचा. गावकामगाराने शेताकडे नजर टाकायची आणि यंदा बारा आणे पीक, दहा आणे पीक असे ठरवायचे. नजर माणसागणिक बदलते आणि साऱ्याच्या धाकाने झुकतेही. सातारा जिल्ह्यातल्या बुध गावी १९११ साली जन्मलेले पांडुरंग वासुदेव सुखात्मे आणि इंदूरच्या संस्थेत कापसावर काम करणारे व्ही. जी. पानसे, या दोन मराठी संख्याशास्त्रज्ञांनी याला पर्याय दिला. गावे चिठ्ठी टाकल्यासारखी यदृच्छेने निवडायची, गावातली शेतेही तशीच, शेतातला मोजणीचा तुकडाही तसाच, आणि त्या तुकड्यातले पीक प्रत्यक्ष काढून वजन करायचे. कपाशीसाठीची अशी पाहणी चाळीसच्या दशकात अकोला जिल्ह्यात झाली. कापूस एका दिवसात निघत नाही. पहिला वेच, दुसरा वेच, फरदड असे करत तो महिनोन्‌महिने येत राहतो. म्हणून त्याच तुकड्यावर पुनःपुन्हा जावे लागे. पद्धत पिकाच्या चालीने चालायची असते, हा धडा इथला.

त्याच काळात एक नामांकित वादही झाला. संख्याशास्त्रज्ञ प्रशांतचंद्र महालनोबीस लहान तुकडे मोजून काम भागवत होते. सुखात्म्यांनी दाखवून दिले की तुकडा फार लहान असला तर कडेवरची झाडे हात आपोआप आत ओढून घेतो आणि उत्पादन आहे त्यापेक्षा जास्त दिसते. अशा लहान तुकड्यांची संख्या हजारावर नेली तरी ती चूक जात नाही. मोजमापच कलते असेल तर नमुना मोठा करून काही हाती लागत नाही. आज ‘तीनशे चौऱ्याऐंशी’ हा नमुन्याचा आकडा अहवालांत मंत्रासारखा येतो. तो १९७० सालच्या क्रेसी आणि मॉर्गन यांच्या तक्त्यातून आलेला आहे, आणि यदृच्छेने निवडलेल्या नमुन्यालाच तो लागू पडतो. मित्रांच्या व्हॉट्सअॅप गटात गुगल फॉर्म टाकून आलेल्या तीनशे चौऱ्याऐंशी उत्तरांना त्या आकड्याचा काहीही आधार नाही.

वऱ्हाडचा वारसा इथेच थांबत नाही. १९५४ पासून केंद्र सरकारने निरनिराळ्या राज्यांत शेती व्यवस्थापनाचे अभ्यास सुरू केले. त्यात अकोला आणि अमरावती हे जिल्हे होते. विदर्भ तेव्हा मध्य प्रदेशात असल्याने अभ्यासावर नाव त्या राज्याचे लागले. या अभ्यासांचा एक हेतू पद्धतीची परीक्षा घेणे हाही होता. काही शेतकऱ्यांकडे गावात मुक्काम केलेला माणूस रोजचा खर्च, मजुरी, बैलांचे दिवस लिहून घेई; दुसऱ्यांना हंगामानंतर एकदाच गाठून विचारले जाई. रोजची नोंद आणि आठवणीतली नोंद यांत किती अंतर पडते, हे पाहायचे होते. याच अभ्यासांच्या आकड्यांवरून अमर्त्य सेन यांनी १९६२ साली मुंबईहून निघणाऱ्या ‘इकॉनॉमिक वीकली’त लहान शेताचे एकरी उत्पादन मोठ्यापेक्षा जास्त का दिसते, हा प्रश्न मांडला. तो वाद जगभर गेला आणि अजून मिटलेला नाही. त्यामागच्या आकड्यांत अकोला-अमरावतीच्या शेतकऱ्यांच्या हिशेबाचाही वाटा होता.

चौथ्या प्रकरणातली सामग्री मात्र बाहेरून आली. कार्ल पिअर्सन यांनी काय-वर्ग चाचणी १९०० साली मांडली. विल्यम गॉसेट हे डब्लिनच्या गिनेस मद्यनिर्मिती कारखान्यात नोकरीला होते. सातूचे आणि मद्याचे थोडेच नमुने हाती असताना निर्णय कसा घ्यावा, या कामातल्या अडचणीतून त्यांची टी-चाचणी जन्मली. कारखान्याच्या नियमांमुळे १९०८ साली ती त्यांना ‘स्टुडंट’ या टोपणनावाने छापावी लागली. पाच टक्क्यांची पातळी रोनाल्ड फिशर यांनी १९२५ च्या पुस्तकात सोयीची म्हणून वापरली, आणि त्या सोयीचा पुढे नियम झाला. ‘पूर्ण सहमत’ पासून ‘पूर्ण असहमत’ पर्यंतची पाच घरे रेन्सिस लिकर्ट यांनी १९३२ साली आणली. एखादे विधान बाकीच्या विधानांशी जुळते की नाही हे तपासायचे आणि न जुळणारे काढून टाकायचे, हा त्यांच्या पद्धतीचा गाभा. आपल्याकडे पाच घरे आली, ही छाननी बहुधा वाटेतच राहिली.

व्यवस्थापनाच्या शिक्षणासाठी मुंबई विद्यापीठाने १९६५ साली स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या मदतीने जमनालाल बजाज संस्था काढली. त्याआधी १९५९ साली अमेरिकेत फोर्ड प्रतिष्ठानाच्या पाठबळाने गॉर्डन आणि हॉवेल यांचा अहवाल निघाला होता. व्यवसायशिक्षण फार ढिले आहे, त्यात संशोधन आणि संख्याशास्त्र यायला हवे, असा त्याचा रोख होता. तिथल्या संस्था त्याप्रमाणे वळल्या आणि तोच साचा आपल्यापर्यंत पोहोचला. १९६८ साली स्टॅनफर्डमध्येच एसपीएसएस ही संगणक प्रणाली तयार झाली. १९८५ साली सी. आर. कोठारी यांचे संशोधन पद्धतीवरचे पुस्तक आले आणि भारतभरच्या महाविद्यालयांत पोहोचले. पुस्तकात प्रकरणांचा क्रम होता, प्रणालीत चाचणी एका बटणावर होती. विदर्भातल्या आधीच्या अभ्यासांचे नाव मात्र या सामग्रीत कुठे नव्हते.

मग विद्यापीठ अनुदान आयोगाचे नियम आले. २०१० पासून प्राध्यापकांच्या बढतीत शोधनिबंधांना गुण मिळू लागले. पीएच.डी.साठीही प्रबंधाआधी निबंध छापणे सक्तीचे होते. २०२२ च्या नियमांनी ही सक्ती काढली. मधल्या काळात पैसे घेऊन काहीही छापणाऱ्या नियतकालिकांचा बाजार भरला. आयोगाने २०१७ साली मान्य नियतकालिकांची यादी केली आणि पुढच्याच वर्षी त्यातून चार हजारांहून अधिक नावे वगळली. त्यानंतर पुणे विद्यापीठाच्या सहभागाने ‘केअर’ ही नवी यादी आली आणि २०२५ मध्ये तीही बंद झाली. याद्या आल्या आणि गेल्या, पण निबंध का लिहायचा याचे उत्तर त्यांतल्या कुठल्याच यादीत नव्हते.

ते उत्तर यवतमाळ जिल्ह्यातल्या एका अभ्यासात मिळते. २००६ साली मुंबईच्या इंदिरा गांधी विकास संशोधन संस्थेचे सृजित मिश्र यांनी वर्धा, वाशीम आणि यवतमाळ या जिल्ह्यांतल्या शेतकरी आत्महत्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. आत्महत्या झालेल्या घरांबरोबरच, तशाच परिस्थितीतल्या पण आत्महत्या न झालेल्या घरांचीही माहिती त्यांनी घेतली. कर्ज कारणीभूत आहे असे म्हणायचे तर कर्ज असूनही जे तगले त्यांच्याकडेही पाहावे लागते. आपल्या प्रकल्पांतून हरवलेला भाग तोच आहे, तुलनेचा. बचत गटातल्या शंभर महिलांना ‘गटामुळे उत्पन्न वाढले का’ असे विचारून काही सिद्ध होत नाही; गटात नसलेल्या शेजारणीचे उत्पन्न त्याच काळात किती वाढले, हे कळायला हवे.

उमरखेडमध्ये बसून नियोजन करायचे तर हळदीचे उदाहरण घेता येईल. तालुक्यातला हळद उत्पादक आपला माल उमरखेड, हिंगोली, वसमत की नांदेडला नेतो, आणि का? यात भाव आहे, भाडे आहे, पैसे हाती येण्याचा अवधी आहे, आडत्याची जुनी उचल आहे. हा प्रश्न एका वाक्यात मांडता येतो आणि त्याचे उत्तर आधी माहीत नाही, म्हणून तो चांगला. नमुन्यासाठी आधी यादी हवी: कोणत्या गावात हळद आहे हे ई-पीक पाहणीच्या नोंदींवरून काढावे, गावे चिठ्ठीने निवडावीत, गावातले शेतकरीही तसेच. हळद हिवाळा सरताना निघते, शिजून, वाळून, पॉलिश होऊन उन्हाळ्यात बाजारात जाते. चौथ्या सत्राचा अहवाल त्याच सुमारास द्यायचा असतो. म्हणून यादी आणि पाच-दहा जणांवरची चाचपणी तिसऱ्या सत्रातच उरकून ठेवावी. भाव किती मिळाला हे तोंडी विचारू नये; आडत्याची पट्टी पाहावी. पट्टी आणि आठवण यांत किती फरक पडला हे नोंदवले तर तेवढाच एक तक्ता अहवालाला वजन देईल. आढाव्यात जवळचे काम आधी वाचावे, मग दूरचे. चाचणी सगळ्यात शेवटी निवडावी, आणि तीही प्रश्नाला गरज असेल तरच.

मार्गदर्शकांना आणि परीक्षकांनाही एक विनंती आहे. तोंडी परीक्षेत गृहीतक नाकारले की स्वीकारले, हे विचारण्याआधी ‘याचे उत्तर तालुक्यात कुणाला हवे आहे’ हे विचारावे. गृहीतक नाकारता आले नाही म्हणून गुण कापू नयेत. खरे उत्तर तेच असू शकते. आणि विद्यार्थ्यांनी अहवालाची एक प्रत विद्यापीठाला देताना दोन पानांचा मराठी सारांश त्या गावच्या ग्रामपंचायतीतही द्यावा. ज्यांनी पट्ट्या काढून दाखवल्या, त्यांना त्या पट्ट्यांतून काय निघाले हे कळण्याचा पहिला हक्क आहे.